देखणे चित्र, सोपे कुलूप
‘राजी’ या संगणकीय खेळाचे परीक्षण

पुस्तकांची परीक्षणे आपण वाचतो, नाटक-चित्रपटांचीही वाचतो. संगणकावरच्या खेळांचे परीक्षण मात्र शिक्षकांच्या मासिकात क्वचितच येते. खेळ म्हणजे अभ्यासाचा शत्रू, त्याचे परीक्षण कशाला, असा एक सूर असतो. दुसरा सूर याच्या नेमका उलट असतो. खेळातून सारे काही हसतखेळत शिकता येते, असे सांगणारे विक्रेतेही शाळेच्या दारात येतात. दोन्ही सुरांमध्ये एक गोष्ट समान आहे. खेळ प्रत्यक्ष खेळून, त्यात मुलाचे डोके नेमके कुठे चालते आणि कुठे थांबते हे पाहण्याचे कष्ट दोघेही घेत नाहीत. हे कष्ट घेण्याजोगा एक खेळ आपल्याच पुण्यात तयार झाला आहे. म्हणून हा लेख.

‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ हा खेळ पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या संस्थेने तयार केला. २०१७ मध्ये त्यासाठी लोकवर्गणी जमवण्याचा प्रयत्न झाला, पण ठरवलेली रक्कम उभी राहिली नाही. तरीही काम पुढे गेले. ऑगस्ट २०२० मध्ये निन्टेन्डोच्या ‘स्विच’ या यंत्रावर आणि ऑक्टोबर २०२० मध्ये संगणकावर व इतर यंत्रांवर हा खेळ आला. त्या वर्षीच्या ‘गेम अवॉर्ड्स’ या आंतरराष्ट्रीय पुरस्कारांत पदार्पणाच्या उत्कृष्ट खेळासाठी त्याला नामांकन मिळाले. आपल्याकडच्या एका लहान गटाच्या पहिल्याच खेळाने इथवर मजल मारावी, ही कौतुकाची गोष्ट आहे. कौतुक झाले म्हणून परीक्षण सौम्य करावे, असे मात्र आम्हाला वाटत नाही. आपल्या माणसाचे काम अधिक बारकाईने पाहावे.

हिंगोली जिल्ह्यातल्या वसमत तालुक्यात हट्टा हे गाव आहे. तेथील आठवी ते दहावीच्या काही मुलामुलींबरोबर आम्ही सुट्टीत हा खेळ खेळलो. लॅपटॉप एकच होता. एकाच्या हाती कळा आणि बाकीचे सल्ला द्यायला भोवती, अशी व्यवस्था आपोआप झाली. खेळाची परीक्षा घ्यायला ही व्यवस्था उत्तम, असे आमचे मत झाले. कारण मुले काय विचार करतात ते मोठ्याने बोलतात.

खेळाची जात

ठिकरी खेळताना मूल आखलेल्या घरांतून एका पायावर उड्या मारत जाते. कोणत्या घरात पाय टाकायचा, कोणते ओलांडायचे, याचे नियम असतात. संगणकीय खेळांची एक मोठी जात या ठिकरीची पडद्यावरची बहीण आहे. एक पात्र असते. ते फळ्या, कठडे, खांब यांवरून उड्या मारत पुढे जाते. या उड्यांच्या वाटेत कोडी पेरली की कोड्यांचा उड्याखेळ तयार होतो. ‘राजी’त उड्या आहेत, कोडी आहेत आणि यांच्या जोडीला लढायाही भरपूर आहेत.

गोष्ट थोडक्यात अशी. राजी आणि गोलू ही अनाथ भावंडे कसरतीचे आणि बाहुल्यांचे खेळ करतात. राखीपौर्णिमेच्या दिवशी असुरांचा हल्ला होतो आणि गोलूला पळवून नेले जाते. दुर्गेने दिलेला त्रिशूळ घेऊन राजी भावाच्या शोधात निघते. तिच्या प्रवासाबद्दल दुर्गा आणि विष्णू आपसात बोलत असतात आणि ते बोलणे आपल्याला ऐकू येते. बहीण भावाला सोडवायला निघते, ही उलट दिशा हट्ट्याच्या मुलींना विशेष आवडली. लढाईच्या वेळी कळा आपल्या हाती याव्यात म्हणून त्यांनी रीतसर भांडण केले.

डोळ्यांना मिळते ते

खेळाचे दृश्यरूप खरोखर सुंदर आहे. राजस्थानी गडमहालांच्या धर्तीवरची वास्तू, कमानी, झरोके, जाळ्या आणि पहाडी लघुचित्रांची आठवण करून देणारे रंग. भिंतींचे आणि दगडांचे पोत हाताने रंगवल्यासारखे दिसतात. मधले कथाभाग छायाबाहुल्यांच्या पद्धतीने दाखवले आहेत. भावंडे बाहुल्यांचे खेळ करणारी, म्हणून त्यांची गोष्टही बाहुल्यांतून, ही योजना फार नेटकी आहे. ठिकठिकाणी भित्तिचित्रे आहेत. त्यांच्यापुढे उभे राहिले की एखादी पुराणकथा सांगितली जाते.

मुले या चित्रांपुढे थांबत होती. दोघांनी हत्तीच्या शिल्पापाशी राजीला उगाचच चार फेऱ्या मारायला लावल्या. सौंदर्य पाहायला थांबणे हेही शिकणेच आहे. आमची तक्रार सौंदर्याबद्दल नाही. ते सौंदर्य कोड्याच्या कामी येते का, हा आमचा प्रश्न आहे.

कुलूप किती अवघड?

‘राजी’तील एका प्रकारच्या कोड्यात गोलाकार चित्राच्या चकत्या फिरवून चित्र जुळवायचे असते. दुसऱ्या प्रकारात झाडाचे तुकडे फिरवून झाड पूर्ण करायचे. जुळलेल्या चित्रांतून राजी-गोलूच्या आठवणी उलगडतात. कल्पना हृद्य आहे. पण ही कोडी मुलांनी इतक्या चटकन सोडवली, की चित्रात काय आहे याकडे कोणी नीट पाहिलेही नाही. असे का व्हावे? याचे उत्तर गणितात आहे, आणि ते नववी-दहावीच्या वर्गात सांगण्याजोगे आहे.

समजा, चार चकत्या आहेत आणि प्रत्येक चकती सहा स्थितींत राहू शकते. एकूण रचना ६ × ६ × ६ × ६, म्हणजे १२९६ झाल्या. आकडा मोठा वाटतो. पण पहिली चकती शेजारच्या चित्राशी जुळली की नाही हे लगेच दिसत असेल, तर ती जुळवायला जास्तीत जास्त पाच वळसे लागतात. मग दुसरी, मग तिसरी. चार चकत्यांना मिळून जास्तीत जास्त वीस वळसे पुरतात. १२९६ ची भिंत वीस पायऱ्यांची होते. कारण कोड्याचे तुकडे सुटे आहेत, आणि प्रत्येक तुकडा स्वतःचे बरोबर-चूक स्वतंत्रपणे सांगतो.

बॅगेच्या तीन आकडी कुलपाचेही असेच आहे. सगळे आकडे बरोबर लागल्याशिवाय ते उघडत नाही, म्हणून १००० शक्यता. प्रत्येक आकडा बरोबर लागताच ‘टक्’ असा आवाज आला, तर कुलूप तीसेक प्रयत्नांत उघडेल. कोडे अवघड करायचे तर तुकडे एकमेकांत गुंतवावे लागतात. एक चकती फिरवली की दुसरीही फिरावी, म्हणजे एक जुळवताना दुसरी बिघडावी. मग नुसते वळसे देऊन भागत नाही. आधी कागदावर विचार करावा लागतो. रंगीत ठोकळ्यांचा रुबिकचा घन अवघड वाटतो तो यामुळेच.

‘राजी’तील कोडी सुट्या तुकड्यांची आहेत. ती हाताला काम देतात, डोक्याला फारसे देत नाहीत. सुंदर दार आहे, पण कडी नुसती लोटलेली आहे. सगळा कस लढायांत लागतो. तिथे हरलो तर का हरलो हे कळते, डाव बदलावा लागतो, खांबावर चढून वार करायचा की भिंतीवरून धावत जाऊन, हे ठरवावे लागते. या भागात खेळ खरोखर आव्हान देतो. पण ते आव्हान चपळाईचे अधिक आणि विचाराचे कमी आहे.

जवळ की लांब?

दुसरी अडचण उड्यांची. ‘राजी’त दृश्य कोणत्या कोनातून दिसावे हे खेळ करणाऱ्यांनी ठरवले आहे, खेळणाऱ्याला ते फिरवता येत नाही. त्यामुळे प्रत्येक दृश्य चित्रासारखे रचलेले दिसते, हा फायदा झाला. तोटा असा, की कधीकधी फळी किती खोलवर आहे याचा अंदाज येत नाही. “सर, ती फळी पुढे आहे की मागे?” हा प्रश्न आम्ही अनेकदा ऐकला. त्यानंतर बहुधा राजी खाली पडलेली असे.

यातले विज्ञान सोपे आहे. आपले दोन डोळे एकाच वस्तूची किंचित वेगवेगळी चित्रे पाहतात आणि त्या फरकावरून मेंदू अंतर ओळखतो. पडदा सपाट असल्याने दोन्ही डोळ्यांना एकच चित्र मिळते आणि हा आधार जातो. मग उरतात ते चित्रकाराचे आधार : लांबची वस्तू लहान दिसणे, जवळच्या वस्तूने मागची झाकणे, आपण सरकताना जवळच्या गोष्टी भरभर आणि लांबच्या सावकाश सरकणे, आणि सावली. उडी मारणाऱ्याच्या बरोबर खाली सावली दाखवली तर तो कुठे उतरणार हे लगेच समजते. म्हणूनच कित्येक खेळांत सूर्य कुठेही असो, सावली थेट पायाखालीच दाखवतात. ‘राजी’त असा हुकमी आधार आम्हाला सगळीकडे मिळाला नाही. चुकून पडण्यात काही गैर नाही. पण पडण्यातून ‘पुढच्या वेळी काय बदलावे’ हे कळले नाही, तर ती चूक मुलाला काही शिकवत नाही. मूल चिडते, एवढेच.

सौंदर्य कामाला लावणारे खेळ

सौंदर्य आणि कोडे यांची सांगड घालता येते का? येते. तीन उदाहरणे देतो.

‘ब्रेड’ हा जोनाथन ब्लो यांचा खेळ २००८ साली आला. डेव्हिड हेलमन यांनी त्याची चित्रे जलरंगांसारखी तरल केली आहेत. या खेळात काळ उलटा फिरवता येतो. पडलात, तर काळ मागे न्या आणि पुन्हा उडी मारा. पुढच्या एका भागात काही वस्तूंभोवती हिरवी चमक दिसू लागते. काळ मागे नेला तरी या वस्तू मागे जात नाहीत. ही चमक दिसायला सुंदर आहे, आणि तीच कोड्याची किल्ली आहे. आणखी पुढे एका भागात नायक उजवीकडे चालला की काळ पुढे जातो, डावीकडे चालला की मागे. हा नियम कोणी शब्दांत सांगत बसत नाही. खेळणारा चालून पाहतो, अंदाज बांधतो, अंदाज तपासतो, चुकला तर बदलतो. प्रयोगशाळेत आपण मुलांकडून याहून वेगळी अपेक्षा करतो का?

दुसरा खेळ ‘मॉन्युमेंट व्हॅली’. लंडनच्या ‘असटू गेम्स’ या संस्थेने तो २०१४ साली काढला. यात उड्या नाहीत, नुसते चालणे आहे; तरी त्याचे कुळ हेच. इडा नावाची राजकन्या जिने, मनोरे आणि पूल यांवरून फिरते. आपण वास्तूचा एखादा भाग फिरवतो, आणि दोन टोके पडद्यावर जुळलेली दिसली की ती खरोखरच जोडली जातात. डच चित्रकार एशर यांची १९६० च्या सुमाराची अशक्य जिन्यांची चित्रे या खेळामागे आहेत. एशर यांना त्या जिन्यांची कल्पना लायोनेल पेनरोज आणि त्यांचे पुत्र रॉजर पेनरोज यांच्या १९५८ मधील निबंधातून मिळाली होती. हेच रॉजर पेनरोज २०२० चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळवणाऱ्यांपैकी एक होत.

हे अशक्य जोड कसे घडतात, ते तीन काड्यांत दाखवता येते. सारख्या लांबीच्या तीन काड्या घ्या. पहिली टेबलावर ठेवा. तिच्या टोकाला काटकोनात दुसरी, तीही टेबलावरच. दुसरीच्या टोकाला तिसरी सरळ उभी करा. म्हणजे पाच घरे पूर्वेला, पाच उत्तरेला आणि पाच वर, असा प्रवास झाला. आता उभ्या काडीच्या वरच्या टोकाच्या पलीकडे, जरा लांब आणि उंच जागी जा. एक डोळा मिटून, ते टोक पहिल्या काडीच्या सुरुवातीवर येईल अशा बेताने पाहा. सुरुवात आणि शेवट एकच झाल्याचा, त्रिकोण बंद झाल्याचा भास होईल. मोबाइलच्या कॅमेऱ्याने लांबून छायाचित्र घेतले तर भास आणखी पक्का होतो. तीन मिती दोनांत दाबताना काही माहिती हरवते, हा मोठा धडा आहे. नकाशा वाचणाऱ्याला, क्ष-किरण चित्र पाहणाऱ्या डॉक्टरला आणि भूमिती शिकणाऱ्याला तो सारखाच लागू पडतो. ‘राजी’त खोली न कळणे हा दोष ठरला; ‘मॉन्युमेंट व्हॅली’ने तोच दोष उचलून त्याचा नियम केला.

तिसरा खेळ डेन्मार्कच्या ‘प्लेडेड’ या संस्थेचा ‘लिंबो’, २०१० सालचा. हा पूर्ण काळ्या-करड्या रंगांत आहे आणि त्यात एकही संवाद नाही. पेट्या ढकलणे, दोरीला झोके घेणे, तरंगणाऱ्या वस्तूंवर उभे राहणे, अशी त्याची कोडी सरळ भौतिकशास्त्रातून येतात. मात्र त्यातील लहान मुलाचे मरण वारंवार आणि भयंकर रीतीने दिसते. माध्यमिक शाळेतल्या मुलांपुढे तो आणावा, असे आम्ही म्हणणार नाही. कोडे चांगले आहे, एवढ्याने खेळ मुलांसाठी चांगला ठरत नाही.

बारवेची पायरी

आम्ही जे म्हणतो आहोत ते समजायला परदेशी खेळच पाहिजेत असे नाही. हट्ट्यात जुनी दगडी बारव आहे. मराठवाड्यात अशा बारवा अनेक आहेत. परभणी जिल्ह्यातल्या वालूरची चक्राकार पायऱ्यांची बारव तर पाहतच राहावी अशी. बारवेच्या पायऱ्या सुंदर दिसतात, पण त्या शोभेसाठी बांधलेल्या नाहीत. पावसाळ्यानंतर पाणी वर असते, तेव्हा चार पायऱ्या उतरल्या की घागर बुडते. उन्हाळ्यात पाणी खाली जाते, तसतशा नव्या पायऱ्या उघड्या पडतात. पाणी कुठेही असो, माणसाचा पाय पाण्यापर्यंत पोहोचतो. शिवाय उघड्या पायऱ्या मोजल्या की पाणी किती खाली गेले हेही कळते. म्हणजे जिनाही तोच आणि मोजपट्टीही तीच. इथे सौंदर्य आणि उपयोग वेगळे काढता येत नाहीत.

‘राजी’ने आपल्या वास्तुपरंपरेचे रूप घेतले; तिच्यातली ही युक्ती घेतली असती तर काय बहार आली असती! पाण्याची पातळी बदलावी, तशा वाटा उघडाव्यात आणि बुजाव्यात. जाळीतून पडणाऱ्या उन्हाच्या कवडशावरून वेळ ओळखावी आणि त्यावर दार उघडावे. भित्तिचित्रातली कथा नीट वाचणाऱ्यालाच पुढच्या कुलपाची खूण सापडावी. साहित्य सगळे हाताशी होते.

वर्गात काय करता येईल?

खेळाचा एक उपयोग मात्र आज, कोणत्याही उड्याखेळावर करता येतो : त्या जगातले गुरुत्व मोजणे. हिंगोली जिल्ह्यातच औंढा नागनाथ तालुक्यात गुरुत्वीय लहरी टिपणारी ‘लायगो-इंडिया’ ही प्रयोगशाळा उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली आहे. तेथे चार किलोमीटर लांबीचे दोन बाहू असतील. आपला प्रयोग एका मोबाइलवर भागतो.

खेळातल्या पात्राने जागच्या जागी मारलेली उडी मोबाइलवर चित्रित करा. सेकंदाला ३० चौकटी असतील, तर चौकटी मोजून वेळ काढता येतो. समजा, पात्राची उंची आपण १.५ मीटर धरली, ते स्वतःच्या उंचीइतके वर गेले आणि पूर्ण उडीला २४ चौकटी, म्हणजे ०.८ सेकंद लागले. वर जायला निम्मा वेळ, यावरून गुरुत्व त्वरण = ८ × उंची ÷ (वेळ)². म्हणजे १२ ÷ ०.६४ = १८.७५ मीटर प्रति सेकंद वर्ग. पृथ्वीच्या जवळजवळ दुप्पट! पृथ्वीवर एवढ्या उंच उडीला सुमारे १.१ सेकंद लागले असते. पडद्यावर ती उडी रेंगाळल्यासारखी वाटते, म्हणून खेळ करणारे गुरुत्व वाढवतात.

पण सूत्र वापरण्यापूर्वी एक तपासणी करावी. वर जातानाच्या आणि खाली येतानाच्या चौकटी सारख्या आहेत का? कित्येक खेळांत खाली येताना गुरुत्व अधिक ठेवलेले असते. तसे आढळले तर दोन्ही भागांचे त्वरण वेगवेगळे काढावे. पात्र हवेत असतानाच दिशा बदलते का, हेही पाहावे. बदलत असेल तर न्यूटनचा कोणता नियम मोडला, हे मुलांनाच विचारावे. नियम मोडलेला ओळखता आला, की तो कळला असे समजायला हरकत नाही.

निवाडा

‘राजी’ जरूर खेळावा. चित्रकला, वास्तुकला आणि कथन यांसाठी तो खेळण्यासारखा आहे, आणि पुण्यात असे काम होऊ शकते हे मुलांना कळावे, यासाठीही. आम्ही खेळलो त्या आवृत्तीत मराठी नव्हती. पुण्याच्या खेळात ती असायला हवी होती. पण विचाराचे आव्हान हवे असेल, तर ‘राजी’ची कोडी अपुरी पडतात. त्यातले सौंदर्य पाहण्यासाठी आहे, वापरण्यासाठी नाही.

हा दोष एका खेळापुरता असता तर आम्ही इतके लिहिले नसते. रंगीत चित्रांची पाठ्यपुस्तके, हलत्या चित्रांचे धडे, पडद्यावरच्या प्रश्नमंजूषा शाळांत येत आहेत. हट्ट्यासारख्या गावात घरातला एकच मोबाइल तिघा भावंडांत फिरतो आणि एकेकाच्या वाट्याला दिवसाकाठी जेमतेम तास येतो. त्या तासात काय यावे, हे पुष्कळदा शिक्षकाच्या शब्दावर ठरते. तेव्हा कोणतेही देखणे साधन हाती आले की तीन प्रश्न विचारावेत. यातला नियम मुलाला स्वतः शोधावा लागतो, की आयता सांगितला जातो? चुकल्यावर ‘का चुकले’ हे त्याला कळते का? आणि चित्र काढून टाकले, तर कोडे तसेच उरते का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘तसेच उरते’ असे आले, तर ते चित्र नुसती शोभा आहे. शोभेला किंमत असते. पण शिकवण्याची किंमत तिला देऊ नये.